मद्रासच्या तोफा आणि तापलेली तार

इ. स. १८२०-२१ या काळात मद्रासच्या नुंगमबाक्कम येथील वेधशाळेत ताऱ्यांच्या वेधांबरोबर आणखी एक वेध नेमाने घेतला जात असे. पूर्वेकडील फोर्ट सेंट जॉर्ज या किल्ल्यावर आणि नैर्ऋत्येकडील सेंट थॉमस माउंट या टेकडीवर सकाळ-संध्याकाळ तोफ उडवण्याची लष्करी रीत होती. तोफेचा लखलखाट दिसताच वेधशाळेत कालमापकाचे ठोके मोजावयास आरंभ होई आणि आवाज कानी पडताच मोजणी थांबे. किल्ला सुमारे १३,९०० फुटांवर. तेथला आवाज यावयास बारा सेकंद लागत. टेकडी सुमारे २९,५०० फुटांवर. तेथून सव्वीस सेकंद. एवढ्या अंतरात प्रकाशाला लागणारा वेळ नगण्य असल्याने अंतराला वेळेने भागले की ध्वनीचा वेग हाती येई. हा उपक्रम कंपनी सरकारचा खगोलवेत्ता जॉन गोल्डिंगहॅम याचा. त्याचा वृत्तांत लंडनच्या रॉयल सोसायटीने १८२३ साली आपल्या ‘फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स’मध्ये छापला.

या वृत्तांतातील खरी मौलिक गोष्ट वेगाचा आकडा ही नव्हे. प्रत्येक तोफेच्या नोंदीशेजारी तापमापक, वायुभारमापक व आर्द्रतामापक यांची वाचने आणि वाऱ्याची स्थिती लिहून ठेवलेली होती, ही ती गोष्ट होय. आवाज किती वेगाने आला एवढेच टिपून भागत नाही, तो कशा हवेतून आला हेही टिपावे लागते, याची जाण त्या तक्त्यांत दिसते. महिनावार सरासरी पाहता जानेवारीत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ११०० फूट, जुलैत ११६० फुटांहून थोडा अधिक आणि वर्षाची सरासरी ११३४ फूट अशी निघाली. मद्रासच्या हवेसाठी आजच्या गणिताने येणाऱ्या वेगापेक्षा ही सरासरी एखादा टक्काच कमी भरते. तोफ, डोळा, कान आणि घड्याळ एवढ्या सामग्रीवर ती काढलेली आहे हे ध्यानात घेता हे यश थोडके नव्हे.

परंतु जानेवारी आणि जुलै यांतील साठ फुटांचे अंतर मात्र विचारात पाडणारे आहे. या दोन महिन्यांच्या तापमानात फरक होता तो जेमतेम साडेसात अंश फॅरनहाइटचा. हवा तापली की तिच्यातून ध्वनी अधिक वेगाने जातो हे खरे. पण एवढ्या उष्णतेच्या पदरी त्या साठ फुटांपैकी आठ-नऊच फूट पडतात. उरलेल्या पन्नासांचा हिशेब वारा, दमटपणा, घड्याळ आणि ऐकणाऱ्याचा कान यांच्यात वाटून द्यावा लागतो, आणि कोणाच्या वाट्याला किती हे त्या तक्त्यांवरून ठरवता येत नाही. वाचन एक आणि त्यात मिसळलेली कारणे अनेक: ही अडचण मद्रासच्या वेधशाळेत अशी स्पष्टपणे कागदावर उतरली. शंभर-सव्वाशे वर्षांनी, ध्वनीपेक्षा अधिक वेगाने धावणाऱ्या हवेतील संक्षोभ मोजू पाहणाऱ्यांपुढे हीच अडचण नव्या रूपात उभी राहिली. तेव्हा त्यांच्या हाती केसाहूनही बारीक अशी एक तापलेली तार होती.

ही वेधशाळा मुळात १७८६ साली विल्यम पेट्री या कंपनीच्या अधिकाऱ्याने स्वतःच्या खर्चाने एग्मोर येथे उभारलेली. १७९२ मध्ये ती नुंगमबाक्कमला स्वतःच्या वास्तूत आली. त्या वेळचा ग्रॅनाइटचा उभा स्तंभ तेथील हवामान केंद्राच्या आवारात अजून आहे आणि त्यावर एकाहून अधिक लिप्यांत लेख कोरलेला आहे. गोल्डिंगहॅमने १७९६ पासून येथे हवामानाच्या नियमित नोंदी ठेवल्या. आज राजाजी हॉल या नावाने ओळखली जाणारी मद्रासची भव्य इमारतही त्यानेच आखलेली. सेंट थॉमस माउंटच्या परिसरात १८०२ साली विल्यम लॅम्बटनने भारताच्या महासर्वेक्षणाची पहिली पायारेषा मोजली होती. मोजमापाची शिस्त त्या प्रदेशाच्या अंगवळणी पडू लागली होती असे म्हणावयास हरकत नाही. मराठी वाचकाने येथे आणखी एक योगायोग ध्यानात घ्यावा. तंजावरचे दुसरे सरफोजी राजे राज्यावर येण्यापूर्वी, १७९० च्या दशकात, शिक्षणासाठी मद्रासला राहिले होते. म्हणजे ही वेधशाळा नवी असतानाच हा भोसले राजपुत्र त्याच शहरात पाश्चात्य विद्या शिकत होता. पुढे तंजावरास त्यांनी युरोपीय ग्रंथांबरोबर शास्त्रीय उपकरणेही जमवली. सरस्वती महालाची कीर्ती हस्तलिखितांमुळे झाली आणि राजांची ही दुसरी आवड तिच्या छायेत राहिली.

ध्वनी आणि उष्णता यांचे नाते गोल्डिंगहॅमच्या काळी नुकतेच उलगडले होते. न्यूटनने १६८७ साली हवेची स्थितिस्थापकता आणि घनता यांवरून ध्वनीचा वेग गणिताने काढला, तो प्रत्यक्षापेक्षा सुमारे एक षष्ठांशाने कमी आला. शंभराहून अधिक वर्षे ही उणीव कोणाला समाधानकारक रीतीने भरून काढता आली नाही. १८१६ मध्ये लाप्लासने तिचे मर्म सांगितले. ध्वनीची लाट जाताना हवा क्षणभर दाबली जाते व दाबली गेल्यामुळे तापते. ती उष्णता बाहेर निसटण्यास अवधीच नसतो. म्हणून हवा न्यूटनने धरली होती त्यापेक्षा अधिक ताठ ठरते आणि ध्वनी अधिक वेगाने पुढे जातो. तोफेचा आवाज म्हणजे दाबाची तशीच उष्णतेचीही एक अतिसूक्ष्म लहर होय, असा याचा अर्थ. मद्रासच्या तोफा या उपपत्तीनंतर चारच वर्षांनी मोजल्या गेल्या, आणि पॅरिसजवळचे फ्रेंच विद्वानांचे प्रसिद्ध प्रयोग १८२२ च्या जूनमध्ये, म्हणजे मद्रासनंतर झाले.

लाप्लासने दाखवलेली ही उष्णता तोफेच्या आवाजात अंशाच्या अल्पशा अपूर्णांकाएवढी असते. परंतु ध्वनीच्या तिप्पट वेगाने येणारी हवा एखाद्या अडथळ्यापाशी थांबली की तिचे निरपेक्ष तापमान जवळजवळ पावणेतीनपट होते. उलट बाजूने पाहावयाचे तर टाकीतील साध्या, खोलीच्या तापमानाची हवा नळीतून फुगवत ध्वनीच्या तिप्पट वेगाला नेली की ती उणे १६० अंश सेल्सियसच्याही खाली गारठते. ध्वनीच्या सहापट वेग हवा असेल तर हवा आधी तापवूनच सोडावी लागते, नाहीतर तिचे द्रवात रूपांतर होऊ लागते. मंद वाऱ्यात गती आणि उष्णता ही दोन स्वतंत्र खाती असतात. या वेगाला मात्र एकाचे दुसऱ्यात सतत हस्तांतर चालू असते.

वाऱ्याचा वेग उष्णतेवरून मोजण्याची कल्पना तशी घरगुती आहे. वाढलेला चहा फुंकून निववताना ती प्रत्येकाच्या अनुभवास येते. माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातील लुई व्हेसॉट किंग याने १९१४ साली तिला गणिती रूप दिले. प्लॅटिनमच्या बारीक तारा विजेने तापवून त्याने त्या फिरत्या दांड्यावर हवेतून फिरवल्या आणि तारेतून निघून जाणारी उष्णता वेगाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते असे दाखवले. तार निवली की तिचा विद्युत्रोध कमी होतो आणि तो मोजता येतो. एवढ्या आधारावर तप्त-तार वायुवेगमापक उभा राहिला. प्रयोगशाळांत त्याला सरळ ‘हॉट-वायर’ म्हणतात. तारेची जाडी मिलिमीटरच्या सुमारे दोनशेव्या भागाएवढी, लांबी मिलिमीटरभर. सुईसारख्या दोन टोकांमध्ये ती डाकलेली. प्रवाहात भरधाव आलेला धुळीचा एक कण तिला तोडून टाकतो आणि मग दिवसभराचे काम नव्याने सुरू करावे लागते.

या तारेची गरज संक्षोभासाठी होती. ऑस्बर्न रेनल्ड्सने मँचेस्टर येथे काचेच्या नळीतील पाण्यात रंगाची रेघ सोडून १८८३ मध्ये दाखवले की ठरावीक मर्यादेपलीकडे सरळ वाहणारा प्रवाह एकाएकी विस्कटतो आणि रंग सर्वत्र पसरतो. या विस्कटलेल्या गतीला संक्षोभ म्हणतात. तिच्यात वेग सेकंदात शेकडो, हजारो वेळा वरखाली होतो आणि तिचे स्वरूप सरासरीत दिसत नाही, चढउतारांत दिसते. अडचण अशी की तार कितीही बारीक असली तरी तिला तापावयास व निवावयास थोडा वेळ लागतोच; ती जलद चढउतार अर्धेमुर्धेच सांगते. ह्यू ड्रायडन आणि आर्नल्ड क्यूथी यांनी वॉशिंग्टनच्या ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्समध्ये १९२९ साली तारेची ही सुस्ती विद्युत्मंडलाने भरून काढण्याची युक्ती सांगितली, आणि मंद प्रवाहांपुरता प्रश्न सुटल्यासारखा झाला.

ध्वनीचा वेग ओलांडताच तो पुन्हा अडला. स्वनातीत प्रवाहात तारेसमोर एक लहानशी आघात तरंग उभी राहते, आणि तारेपर्यंत पोहोचणारी हवा ही तिच्या पलीकडली बदललेली हवा असते. शिवाय घनता स्थिर राहत नाही आणि तापमानही स्थिर राहत नाही. तारेचा विद्युत्दाब हलला तर तो वेगामुळे, घनतेमुळे की तापमानामुळे? बुडापेस्टहून अमेरिकेत आलेला आणि जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात काम करणारा लास्लो कोव्हाझ्नाय याने १९५० आणि १९५३ च्या आपल्या निबंधांत या गुंत्याची उकल केली. या विषयाच्या इतिहासात इतकी साधी आणि इतकी फलदायी दुसरी युक्ती क्वचितच आढळेल.

स्वनातीत प्रवाहात तार दोनच गोष्टींना ओळखते. एक, तिच्यावरून जाणाऱ्या वस्तुमानाचा ओघ, म्हणजे घनता आणि वेग यांचा गुणाकार; दुसरी, थांबवलेल्या हवेचे एकूण तापमान. तार किंचितच तापवली तर ती जवळजवळ निव्वळ तापमापकासारखी वागते. पुष्कळ तापवली तर तिचे लक्ष ओघाकडे वळते. म्हणजे एकाच तारेच्या ठायी, ती किती तापवावी यावर अवलंबून, वेगवेगळी जाण आणता येते. कोव्हाझ्नायने एकच प्रवाह, एकाच जागी, तारेचे तापमान पायरीपायरीने बदलत पुन्हापुन्हा वाचला. शोधावयाच्या राशी तीन होत्या: ओघातील चढउतार, तापमानातील चढउतार आणि या दोहोंची परस्परांशी असलेली संगती. तीन वाचनांत त्या काढता येतात. व्यवहारात अधिक घेतात आणि बिंदूंतून वक्र काढतात. साक्षीदार एकच, पण त्याला निरनिराळ्या अवस्थांत तोच प्रश्न विचारून सत्य काढून घ्यावे, अशातली ही रीत आहे. गोल्डिंगहॅमला हवेचे तापमान आपल्या इच्छेने बदलता येत नव्हते. त्याला ऋतूंची वाट पाहावी लागे आणि ऋतू उष्णतेबरोबर वाराही बदलून आणीत.

या पृथक्करणातून त्याने आणखी एक गोष्ट मांडली. अशा प्रवाहातील लहान चढउतार तीन जातींचे असतात: भोवऱ्यांचे, प्रवाहाबरोबर वाहत जाणाऱ्या तप्त-शीत ठिपक्यांचे आणि ध्वनीचे. प्रत्येक जात कोव्हाझ्नायच्या आलेखावर आपली निराळी रेघ उमटवते. या पद्धतीला पुढे मार्क मॉर्कोव्हिनने १९५६ साली सविस्तर शास्त्राचे रूप दिले.

त्या तीन जातींपैकी तिसरीने पुढे फार मोठा घोटाळा उघडकीस आणला. विमान किंवा अग्निबाण यांचे नमुने ज्या बंदिस्त नळीत वाऱ्यापुढे धरतात तिला वातविवर म्हणतात. इंग्रजीतले विंड टनेल हे नाव अधिक परिचित. कॅलिफोर्नियातील जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीत जॉन लाउफर याने स्वनातीत वातविवराच्या मोकळ्या प्रवाहात तप्त तार धरली आणि १९६१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केला. त्या प्रवाहात तारेला जे सापडले ते मुख्यतः ध्वनी होता, आणि तो वातविवराच्या भिंतींवरील संक्षुब्ध थरातून येत होता. ज्या नळीत संक्षोभाचा जन्म शांतपणे पाहावयाचा ती नळीच कोलाहल करीत होती. नमुन्यावरील हवेचा थर लवकर विस्कटतो असे जे अनेक प्रयोगांत दिसले होते, त्यात हवेचा दोष किती आणि नळीच्या ओरडण्याचा किती, हा संशय तेव्हापासून या विद्येच्या मागे लागला. पुढे भिंतींवरचा थर शांत ठेवणारी वातविवरे मुद्दाम बांधावी लागली. मद्रासला ध्वनीच्या मोजणीत तापमापक मदतीला बसवलेला होता. येथे उष्णता टिपणारी तारच कानाचे काम करू लागली.

भारतात या विद्येचा पाया घालणारे सतीश धवन याच काळात कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत हान्स लीपमन यांच्या हाताखाली काम करीत होते. वेगवान हवा पृष्ठभागाला किती घासते हे प्रत्यक्ष मोजावे, हा त्यांचा विषय. इतर राशींवरून हे घर्षण अप्रत्यक्षपणे अनुमानण्याची रीत असताना त्यांनी भिंतीचा एक लहानसा तुकडा बाजूने बारीक फट ठेवून मोकळा केला आणि हवा त्याला किती ओढते हे सरळ मोजले. मध्यस्थ राशींवर फार विसंबू नये, हा त्या कामाचा बोध त्यांच्या पुढील कारकिर्दीतही दिसतो. १९५१ मध्ये ते बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये आले आणि तेथे त्यांनी स्वनातीत प्रवाहाच्या प्रयोगांना आरंभ केला. मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकलेले सुब्रह्मण्यन् चंद्रशेखर यांनी १९४९ साली अमेरिकेत संक्षोभाचा विचार ताऱ्यांच्या संदर्भात मांडला होता, पण ते काम कागदावरचे. तारेशी त्याचा संबंध नव्हता. मद्रास शहरात विमानविद्येचे शिक्षण सुरू झाले ते सी. राजम् यांनी १९४९ मध्ये क्रोमपेटला स्थापन केलेल्या मद्रास इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत. अब्दुल कलाम हे तेथलेच विद्यार्थी. १९५९ मध्ये पश्चिम जर्मनीच्या साहाय्याने गिंडीच्या वनराईत आयआयटी उभी राहिली.

ध्वनीच्या पाचपटीपलीकडील वेगाला हायपरसॉनिक म्हणतात. तेथे बारीक तारेचा निभाव लागणे कठीण. हवा तप्त, झोत प्रखर, आणि बंगळूरला सत्तरच्या दशकापासून वापरात असलेल्या आघात-वातविवरांत तर सारा प्रयोग सेकंदाच्या सुमारे हजाराव्या भागात आटोपतो. म्हणून तेथे तार हवेत ताणण्याऐवजी नमुन्याच्या अंगावरच प्लॅटिनमचा अतितलम थर देतात. हा थर इतका पातळ असतो की पृष्ठभागाचे तापमान बदलताच त्याचा रोध बदलतो, आणि त्या चढीवरून पृष्ठभागात किती उष्णता शिरली हे गणिताने काढता येते. संक्षोभाची चाहूलही येथेच लागते: थर शांत असेल तोवर उष्णता एका पातळीवर राहते, तो विस्कटला की ती कित्येक पटींनी चढते. हा विस्कटण्याचा क्षण येण्यापूर्वी थरात सेकंदाला लाखो वेळा कंप पावणाऱ्या लहरी वाढत असतात. लेस्ली मॅक या गणितज्ञाने त्या १९६० च्या दशकात आधी कागदावर दाखवल्या, आणि मग जेम्स केंडल याने वातविवरात तप्त तारेने त्यांचा माग काढला. त्या लहरी पुष्कळशा ध्वनीच्याच जातीच्या आहेत. पृष्ठभाग आणि वरचा वेगवान प्रवाह यांच्यात कोंडलेला तो ध्वनी होय.

मद्रास, आता चेन्नई, या शहराच्या उत्तरेस सुमारे ऐंशी किलोमीटरवर श्रीहरिकोटा आहे. तेथील अवकाश केंद्राला २००२ पासून सतीश धवन यांचेच नाव आहे. १० जानेवारी २००७ रोजी तेथून गेलेले सुमारे साडेपाचशे किलोचे पुनःप्रवेश यान २२ जानेवारीला बंगालच्या उपसागरात सुखरूप उतरले. भारताने कक्षेत पाठवून परत आणलेले हे पहिले यान. १८ डिसेंबर २०१४ रोजी त्याहून मोठा प्रयोग झाला. पुढे माणसे वाहून न्यावयाच्या यानाचा, ‘केअर’ नावाचा, तीन मीटरांहून रुंद आणि पावणेचार टनांच्या आसपास वजनाचा कोष १२६ किलोमीटर उंचीवर नेऊन सोडण्यात आला. सेकंदाला पाच किलोमीटरांहून अधिक वेगाने तो वातावरणात शिरला आणि उड्डाणानंतर सुमारे वीस मिनिटांनी छत्र्यांच्या आधाराने समुद्रात उतरला. त्याच्या पुढच्या ढालीवर आणि बाजूंवर स्वतः जळून आतला भाग वाचवणाऱ्या फरशा बसवलेल्या होत्या. तटरक्षक दलाने तो उचलून चेन्नईच्या उत्तरेस एण्णोर बंदरात आणला. गोल्डिंगहॅमच्या तोफा जेथे उडत त्या किल्ल्यापासून ते बंदर फार दूर नाही.

अशा ढालीची जाडी ठरवणाऱ्या अभियंत्यापुढे एकच प्रश्न असतो: अंगालगतचा हवेचा थर कोठे आणि केव्हा विस्कटेल? तो लवकर विस्कटेल असे धरले तर ढाल जड होते आणि तेवढे ओझे प्रवाशांच्या वाट्यातून जाते. उशिरा विस्कटेल असे धरले आणि अंदाज चुकला तर आत माणसे असतात. वातविवरातील आकडा या ठिकाणी जसाच्या तसा वापरता येत नाही, कारण लाउफरने दाखवलेला भिंतींचा गोंगाट आकाशात नसतो. जळून आलेल्या ढालीची उरलेली जाडी एकूण किती उष्णता शिरली हे सांगते. परंतु ती कोणत्या क्षणी वाढली, आणि ती वाढ वेगाची होती की विस्कटलेल्या थराची, हे जाडीवरून कळत नाही. त्यासाठी ढालीच्या अंगात निरनिराळ्या खोलींवर उष्णतासंवेदक पुरून त्यांची वाचने क्षणाक्षणाला नोंदवून ठेवावी लागतात, आणि प्रत्येक वाचनाशेजारी त्या क्षणीची उंची, वेग आणि हवेची घनता लिहावी लागते.